बिडाची ताटली आणि काळी पिशवी

गोश्त घरी भाजावे की हॉटेलात जाऊन खावे, हा काय वार्षिक अंकात लिहिण्याचा विषय झाला? आमच्या शाळेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हा प्रश्न विचारला. बेकारी आहे, वक्फ आहे, उर्दू शाळांची पटसंख्या आहे, आणि तुम्ही शेगडी घेऊन बसलात, असे त्यांचे म्हणणे. आम्ही वाद घातला नाही. कपाटातून आठवीच्या मराठीच्या वह्या काढल्या आणि त्यांच्यापुढे ठेवल्या.

'माझा आवडता पदार्थ' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. मुलांनी पुरणपोळी लिहिली, पावभाजी लिहिली, पिझ्झा लिहिला. चौघांनी चिकन बिर्याणी लिहिण्याइतके धाडस केले. एका मुलीच्या वहीत 'पनीर' या शब्दाखाली कागद खरवडून पातळ झाला होता. उजेडाकडे धरला तर आधीचा शब्द वाचता येत होता : पसंदे. आम्ही तिला जवळ बोलावून विचारले, का खोडलंस बेटी? ती म्हणाली, "सर, ये कापी बाहर के साब लोगां भी देखते ना?"

तपासणीला येणारे साहेब वह्या बघतात हे खरे. त्यांनी कधी कुणाला या बाबतीत काही म्हटल्याचे आम्हाला आठवत नाही. तरीही तेरा वर्षांच्या पोरीला पक्के ठाऊक आहे की आपल्या घरचा एक पदार्थ बाहेरच्या माणसापासून झाकायचा असतो. हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. तो तिने आपल्या घरी, आपल्या दारात शिकला आहे. शिकवणारे आपण आहोत.

आमचा भाचा पुण्याला हिंजवडीत संगणक कंपनीत आहे. पोरगा गुणी आहे, आईला पैसे पाठवतो, मामूला विसरत नाही. मागे आम्ही बोर्डाच्या कामासाठी पुण्याला गेलो तेव्हा त्याने हट्टाने आम्हाला एका मोठ्या हॉटेलात नेले. तिथे म्हणे फक्त स्टेक मिळतो. खुर्च्या चामड्याच्या, दिवे इतके मंद की मेनूकार्ड मोबाइलच्या उजेडात वाचावे लागले. वेटरने विचारले, रेअर, मीडियम की वेल डन? आम्ही म्हणालो, चांगले शिजवून आणा. भाच्याने टेबलाखालून आमच्या पायाला पाय लावला. "मामू, वेल डन मत बोलो, गावठी समझेंगे." मग आम्ही विचारले, गोश्त कशाचे? वेटर म्हणाला, "बफ, सर." हलाल आहे का, असे विचारल्यावर तो आत जाऊन विचारून आला आणि म्हणाला, बहुतेक आहे. पुन्हा टेबलाखालून पाय.

बफ म्हणजे म्हशीचे. आपल्या भाषेत बड्याचे. दोनशे ग्रॅमचा तुकडा, अकराशे रुपये, वर कर वेगळा. गणित आम्हाला लहानपणापासून आवडते, म्हणून तिथल्या तिथे हिशेब केला : किलोला साडेपाच हजार. भाच्याने ताटलीचा फोटो काढला आणि कार्यालयातल्या मित्रांच्या गटावर टाकला. त्यात देशपांडे होते, नायर होते, शर्मा होते. सगळ्यांनी अंगठे दाखवले. एकाने विचारले, कुठे मिळतो रे इतका छान?

हाच भाचा ईदच्या आधी मिरजेहून आजीसाठी दोन किलो गोश्त आणतो. तेही म्हशीचेच, तेही पाठीखालचे, ज्याला कसाई अंडरकट म्हणतात आणि हॉटेलवाले टेंडरलॉइन म्हणतात. ते तो काळ्या पिशवीत घालतो, ती पिशवी दुसऱ्या काळ्या पिशवीत, आणि दोन्ही मिळून लॅपटॉपच्या सॅकमध्ये. कडेला सुटे कपडे कोंबतो. घरी पोचल्यावर पहिली सॅक रिकामी होते, मग सलाम-दुआ.

जनावर तेच, तुकडाही तोच. ताटलीत आला की त्याचा फोटो निघतो, पिशवीत आला की त्याला लपवावे लागते. आमचा सगळा वाद या एका गोष्टीपाशी आहे.

कायदा काय म्हणतो हे आपल्यातल्या शिकलेल्यांनाही नीट ठाऊक नसते, म्हणून दोन वाक्ये त्यावर. महाराष्ट्राच्या १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्याने गायीच्या कत्तलीवर बंदी होती. २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळू त्यात आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. म्हशीच्या कत्तलीवर बंदी आलेली नाही, तिला दाखला लागतो. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे गोश्त जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. माणसाने आपल्या घरात काय खावे हा त्याच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, हा विचार त्या निकालात आहे. म्हणजे त्या पोरीच्या घरचे पसंदे गुन्ह्यात बसत नाहीत.

पण कायदा पुस्तकात असतो आणि माणूस रेल्वेच्या डब्यात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये धुळे-मुंबई गाडीत इगतपुरीजवळ, मुलीकडे निघालेल्या एका वृद्ध माणसाला जवळच्या गोश्तावरून तरुणांच्या टोळक्याने मारले. त्याची चित्रफीत देशभर फिरली. आपल्या घराघरांत ती पाहिली गेली, मुलांनी पाहिली. मुलीसाठी डबा घेऊन जाणारा बाप! आपल्यातला कोणता बाप असा डबा घेऊन गेलेला नाही? त्यानंतर पिशव्या आणखी काळ्या झाल्या, हे आम्ही समजू शकतो. भीती खोटी नाही. भीतीला आम्ही दोष देत नाही.

आमचा दोष आहे तो भीतीच्या नावाखाली जे दुसरे काही घडते आहे त्याला.

उंब्रज हे हायवेचे गाव. तारळी इथे कृष्णेला मिळते आणि पुणे-बंगळूर रस्ता गावाच्या अंगावरून जातो. साताऱ्याकडून या की कऱ्हाडच्या बाजूने तासवडे टोलनाक्यावरून या, रस्त्याच्या दोन्ही अंगांना हॉटेले आहेत. अख्खा मसूरची आहेत, मटण थाळीची आहेत, आणि आता तंदूर, सिझलर, बार्बेक्यूची पाटी लावलेलीही आहेत. गेल्या काही वर्षांत मोहल्ल्यातल्या दावती तिकडे सरकल्या. साखरपुडा हॉटेलात, अकीका हॉटेलात, पोरगा बारावी झाला तर हॉटेलात. कुणाकडे बिगरमुस्लिम पाहुणे यायचे असतील तर हमखास हॉटेलात. कारण काय सांगतात? "घरचं बरं दिसत नाही." काय बरे दिसत नाही? अंगण? भांडी? भिंतीवरची आयतुल कुर्सी? की शेगडी?

आम्हीही या पापात आहोत. दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या एका मराठी विषयाच्या बाईंची बदली झाली. त्या आठ वर्षे ईदला आमच्या घरी येत, अम्मीच्या हातची चाप खात, मुलांसाठी डब्यात घेऊन जात. त्यांच्या निरोपाचे जेवण आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून हायवेवरच्या एका हॉटेलात ठेवले. मेनूकार्ड आले. त्याच्या डाव्या पानावर हिरवा ठिपका, उजव्या पानावर लाल. श्रावण नव्हता, उपवास नव्हता, तरी बाईंनी इतरांकडे पाहून डावे पान घेतले. आम्हीही, कुणाला अवघड वाटू नये म्हणून, डावेच पान घेतले. आठ वर्षे एका ताटलीतून खाणारी माणसे त्या दिवशी एकमेकांना सांभाळत पनीर खात बसली. निघताना बाई म्हणाल्या, "सर, अम्मींच्या हातचं राहिलंच हो." ते आजतागायत राहिले आहे.

हॉटेलवाल्यांचा धंदा आहे, तो त्यांनी करावा. पण तिथे काय विकले जाते हे तरी बघा. सिझलरची ती चुरचुरणारी बिडाची ताटली घ्या. मुंबईत फिरोज इराणी यांनी १९६० च्या दशकात हा प्रकार आणला असे मानले जाते. पुढे तो पुण्यात आला आणि आता आमच्या हायवेवर. ताटली भट्टीवर तापवायची, लाकडी पाटावर ठेवायची, खाली कोबीचे पान, वर गोश्त, आणि टेबलावर नेताना त्यावर लोणी किंवा पातळ सॉस ओतायचा. आवाज होतो, धूर निघतो, सगळे हॉटेल मान वळवून बघते. तो आवाज ताटलीचा आहे, गोश्ताचा नव्हे. धूरही लाकडाचा नाही, लोण्याचा आहे. गोश्त आतमध्ये गॅसवर कधीच शिजून झालेले असते.

आणि गंमत पाहा. इंग्रजीतला 'स्टेक' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला. त्याच्या मुळाशी सळईवर भाजण्याचाच अर्थ आहे. आमच्याकडे फारसीतून 'सीख' आली, तीही सळईच. म्हणजे जगाच्या दोन टोकांना माणसांनी एकच गोष्ट केली आणि तिला जवळपास एकाच विचाराने नाव दिले. आपण मात्र एका नावाला साडेपाच हजार रुपये किलो देतो आणि दुसऱ्या नावाने लाजतो.

अम्मीचे पसंदे कसे होत ते सांगतो, कारण हे कुठे लिहिलेले नाही. रानेचे गोश्त घ्यायचे, रेषेला आडवे, बोटाएवढ्या जाडीचे काप करायचे आणि सुऱ्याच्या पाठीने ठेचायचे. जोर किती, तर काप पसरला पाहिजे, फाटता कामा नये. मग कच्च्या पपईचा गर, मीठ, आले-लसूण. पपईत पपेन नावाचे द्रव्य असते, ते गोश्ताचे धागे सैल करते. पण ते थांबायचे नाव घेत नाही. जास्त वेळ ठेवले तर गोश्ताचा लगदा होतो. अम्मीला पपेन हे नाव माहीत नव्हते, वेळ माहीत होती. नंतर घट्ट दही, तळून कुस्करलेला कांदा, खसखस, भाजलेल्या डाळ्याचे पीठ, कबाबचिनी, आणि शेवटी चमचाभर आपला साताऱ्याकडचा कांदा-लसूण मसाला. लखनौवाले नाक मुरडतील. मुरडू द्या, आमची सीख कृष्णाकाठची आहे.

शेगडी म्हणजे भोके पाडलेले पत्र्याचे घमेले. सळया म्हणजे जुन्या छत्रीच्या काड्या, राखेने घासून लख्ख केलेल्या. कोळसा बाभळीचा, उसाचे चिपाड फक्त पेटवण्यापुरते, कारण ते भडकते आणि विझते. निखाऱ्यावर पांढरी राख धरेपर्यंत गोश्त जवळ आणायचे नाही. अम्मी तळहात जाळीवर धरून कलमा पढायची. तीनदा पढून होईपर्यंत हात टिकला तर आच बरोबर, एकदाच पढता आला तर थांबा, पाच वेळा पढता आला तर आणखी कोळसा घाला. बी.एड.ला आम्हाला अध्यापनाची साधने शिकवली, पण असे साधन तिथेही पाहिले नाही.

गोश्ताला तांबूस-तपकिरी रंग चढतो, खमंग वास सुटतो, त्याला मेलार्ड प्रक्रिया म्हणतात. मेलार्ड नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे ती जोरात चालते. पाण्याचा उत्कलनबिंदू १०० अंश, म्हणून रश्शात शिजणाऱ्या गोश्ताला ही चव कधी येत नाही. निखाऱ्यावर येते, आणि निखाऱ्यावर टपकलेली चर्बी जळून जो धूर वर येतो तो वेगळा.

आता खरे ते खरे सांगितले पाहिजे. पुण्याच्या त्या हॉटेलातला तुकडा चांगला होता. आमच्या बकरी ईदच्या दिवशी भाजलेल्या गोश्तापेक्षा नक्कीच मऊ होता. याचे कारण अकराशे रुपयांत नाही, सबुरीत आहे. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात आणि मग हळूहळू सैल होतात. स्टेकची हॉटेले गोश्त थंडीत कित्येक दिवस ठेवून मग भाजतात. आपण सकाळी कुर्बानी करतो आणि दुपारी सीख लावतो, मग दातांनी ओढत बसतो. जुनी माणसे ईदला आधी कलेजी का भाजत? कलेजीला असे थांबावे लागत नाही. रानेचे गोश्त दुसऱ्या-तिसऱ्या दिवसासाठी ठेवले जाई. ही समज आपण घालवली आणि दोष घरच्या शेगडीला दिला. फ्रीज आता घरोघर आहे. दोन दिवस खालच्या कप्प्यात झाकून ठेवा, भाजण्याआधी बाहेर काढा, भाजल्यावर पाच मिनिटे हात लावू नका. एवढेच.

आणखी एक. कापल्यावर जो लाल रस येतो त्याला घाबरून आपण गोश्ताची वहाण करतो. तो रस रक्त नव्हे. स्नायूत असणाऱ्या मायोग्लोबिनचा तो रंग आहे. वाहते रक्त हलाल करतानाच निघून गेलेले असते. अर्थात कच्चट खा असे आम्ही म्हणत नाही. आम्ही स्वतः अजून चांगले शिजलेलेच खातो, भाचा काहीही म्हणो.

हॉटेलच्या बाजूने एक मुद्दा मात्र असा आहे की त्यापुढे आमचे तोंड बंद झाले. धाकट्या भावाच्या साखरपुड्याची दावत हायवेवर झाली. आम्ही विरोध केला होता, रुसून एका कोपऱ्यात बसलो होतो. घरी आल्यावर आमची बायको चप्पल काढता काढता म्हणाली, "आज पूरा खाना बैठ के खाई मैं." लग्नाला अकरा वर्षे झाली. आम्ही मोजून पाहिले, आमच्या घरच्या कोणत्या दावतीत ती पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत बसून जेवली होती? एकाही नाही.

घरच्या गोश्ताचे गोडवे गाणारे बहुतेक सगळे आमच्यासारखे पुरुष आहेत. वाटण बायका करतात, काप बायका ठेचतात, घमेले बायका घासतात. आपण शेवटी येऊन पंखा हलवतो, चार सीख फिरवतो आणि वाहवा घेतो. परदेशात म्हणे रविवारी अंगणात गोश्त भाजण्याचे काम पुरुषांचे असते. तिथेही बाकीचे सगळे कोण करते याची चौकशी करायला हवी! तेव्हा घरच्या बाईला सहा तास उभे ठेवून हॉटेलवर टीका करण्याचा आपल्याला अधिकार नाही. ज्याला घरची दावत हवी त्याने आदल्या रात्री लसूण सोलावा, सुरी हातात घ्यावी, आणि पाहुणे गेल्यावर राखेने सळया घासाव्यात. आम्ही गेल्या ईदला हे केले. पपई जास्त झाली, अर्धे पसंदे सळईवरून निखाऱ्यात गळून पडले. अम्मी हसली. बायको मात्र बसून जेवली, आणि आमच्या चुका मोजत जेवली.

ही शेगडी कुठे मांडायची, हा पुढचा प्रश्न. आजोबांच्या काळी ती दारात असे. त्याही आधी तर गोश्त गावाच्या मधोमध शिजे. आपल्या भागात कंदुरी कुणाला माहीत नाही? मराठा घरातले लोक पिराला नवस बोलत, नवस फिटला की बकरे घेऊन येत. मुलाणी ते हलाल करी, तिथेच तीन दगडांच्या चुलीवर ते शिजे, आणि भाकरीबरोबर सारे गाव जेवे. मुलाणी हा गावगाड्यातला हक्कदार होता. जत्रेचे बकरे त्याच्या हातून कापले गेल्याशिवाय कित्येक घरांत शिजत नसे. त्यात कुणाला धर्म बुडाल्यासारखे वाटले नाही. अजूनही काही गावांत हे चालते.

२०२५ च्या मार्चमध्ये राज्याचे मंत्री नितेश राणे यांनी 'मल्हार सर्टिफिकेशन' जाहीर केले. हिंदूंनी चालवलेल्या झटका मटणाच्या दुकानांना हे प्रमाणपत्र मिळणार, आणि हिंदूंनी तिथूनच मटण घ्यावे, असे त्यांचे आवाहन. मल्हार म्हणजे खंडोबा. आमच्या उंब्रजपासून जवळच पालीला खंडोबाचे मोठे ठाणे आहे, पौषात यात्रा भरते, आणि आमच्या मोहल्ल्यातल्या किती जणांची दुकाने त्या यात्रेत लागत आली आहेत. ज्या देवाला मुसलमान भाविक मल्लूखान म्हणत आले त्याचेच नाव या पाटीला मिळावे! खुद्द जेजुरीतूनही या नावाला आक्षेप आला होता, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

या पाटीला उत्तर कोण देणार? हॉटेल देऊ शकत नाही. हॉटेलात प्रत्येकाचे पान वेगळे, बिल वेगळे, आणि शेजारच्या टेबलावर कोण आहे हे कुणी विचारत नाही. उत्तर दारातल्या शेगडीचेच आहे, आणि आपण तीच उचलून मागच्या परसात, पत्र्याच्या आडोशाला नेली आहे. शेजाऱ्याला धूर दिसतो, वास येतो, माणूस दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल माणूस काय काय कल्पना करतो हे वेगळे सांगायला नको. काळ्या पिशवीने आपण वाचतो असे आपल्याला वाटते. पाहणाऱ्याला तिच्यात गुन्हा दिसतो, आणि आपल्या पोरांना लाज दिसते.

दारात शेगडी म्हणजे कुणाच्या नाकाखाली धूर करणे नव्हे, हे आमच्यातल्या उत्साही तरुणांनी ऐकून ठेवावे. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आमच्या गावात आहे. त्या बाजूला, शनिवारी, असे काही करणारा माणूस शेगडीचा नव्हे, भांडणाचा शौकीन. २०२३ मध्ये आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी, २९ जूनला आली. महाराष्ट्रात गावोगावच्या मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरवले, ती पुढच्या दिवशांवर नेली. शरियतने तीन दिवस दिलेले आहेत, मग त्यातला एक शेजाऱ्यासाठी सोडायला काय हरकत? हा निर्णय घेणाऱ्यांना कुणी भित्रे म्हणाले, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. शेजाऱ्याचा मान राखणे आणि शेजाऱ्यापासून लपणे यांतला फरक आपल्याला कळला पाहिजे. पहिले करणारा माणूस दुसऱ्या दिवशी ताट घेऊन त्याच्याच दारात जाऊ शकतो.

शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ मध्ये आले. मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजे, कोणता भाग कसा वापरत, गोश्त वाळवून कसे ठेवत, हे त्यांनी नाव घेऊन, पाककृती देऊन लिहिले. ज्या अन्नावरून हिणवले गेले तेच अन्न मराठीत मांडले. आम्ही ते वाचले तेव्हा हेवा वाटला. आपण मराठी मुस्लिम लेखक दंगल लिहितो, तलाक लिहितो, ओळखीचा प्रश्न लिहितो. जेवणाची वेळ आली की बिर्याणी आणि शीरखुर्म्यावर भागवतो, कारण ते दोन पदार्थ सगळ्यांना चालतात. आमच्या वर्गातल्या चार मुलांनी हेच केले होते. मग त्या मुलीने वही खोडली तर तिला काय सांगायचे?

गेल्या ईदला आम्ही शेगडी पुढच्या ओट्यावर मांडली. दोन जाळ्या ठेवल्या, एकीवर बकऱ्याची चाप, दुसरीवर पसंदे. समोरचे काका, एसटीतून निवृत्त झालेले, नेहमीप्रमाणे मुबारकबाद द्यायला आले आणि ओट्यावरच बसले. आम्ही सांगितले, "काका, ही बाजू बकऱ्याची, ही म्हशीची." ते म्हणाले, "मग हिकडनं दे," आणि चाप घेतली. दुसऱ्या बाजूकडे बोट करून त्यांनी विचारले, "ह्यो वास कशाचा रं एवढा?" कबाबचिनीचा, म्हणून सांगितले. त्यांनी दोन दाणे मागून घेतले, मटणात घालून बघतो म्हणाले. एवढेच घडले.

येत्या ईदला भाचा यायचा आहे. त्याला आम्ही फोनवर सांगितले, या वेळी काळी पिशवी नको, स्टीलच्या डब्यात घेऊन ये, माणसासारखा. तो बराच वेळ गप्प राहिला. मग विचारले, "मामू, एसटीने आऊं क्या?"

आम्ही म्हणालो, नको, गाडी करूनच ये.